एकाच बाजूनं बसणारी डाय

नवी डाय प्रेसवर चढली की ताईच्या पोटात गोळा यायचा. पहिला ठोका पडेपर्यंत तो जागचा हलायचा नाही, खोली अडवून बसलेल्या भाडेकरूसारखा. मग ठोका पडायचा, पत्र्याचा तुकडा खालच्या पेटीत टणकन उडी मारायचा आणि ताई म्हणायची, "आता चहा आणा कुणीतरी." कारखान्यातली माणसं त्यावरून तिची टिंगल करायची. प्रेसवाला तर दर वेळी म्हणायचा, "ताई, बाळंत होतेय डाय, कळा तुम्ही कशाला देताय?" ताईही हसायची. पण गोळा खरा होता आणि तिला तो हवाही होता. गोळा आला की ती ड्रॉइंग पुन्हा उघडून बघायची आणि पुन्हा बघताना काही ना काही सापडायचंच.

सगळे तिला ताई म्हणत, तिच्यापेक्षा वयानं मोठे होते तेही. ती डाय काढायची, म्हणजे पत्रा कापायच्या आणि वाकवायच्या पोलादी साच्याचं डिझाइन करायची. असा साचा दोन भागांचा असतो. खालचा भाग प्रेसच्या टेबलाला आवळून टाकतात, वरचा प्रेसबरोबर खाली-वर होतो. चार कोपऱ्यांना चार खांब असतात. त्या खांबांवरून वरचा भाग घसरत खाली येतो आणि त्यातले पंच, म्हणजे पत्रा कापणारे दांडे, खालच्या भोकांत केसभर फटीनं शिरतात. वरचा भाग कुणी उलटा, म्हणजे पुढची बाजू मागे करून बसवला, तर पंचाखाली भोक येत नाही, भरीव पोलाद येतं. वरून प्रेसचा दाब, खाली पोलाद, मधला पंच काचेसारखा फुटतो. त्याचे तुकडे कुठं जातात हे सांगता येत नाही. समोर जो वाकून बघत असेल त्याला ते सगळ्यात आधी कळतं.

म्हणून या धंद्यात एक जुनी चाल आहे. चारांतला एक खांब मुद्दाम जरासा आत सरकवून ठेवायचा. मग वरचा भाग एकाच बाजूनं बसतो. उलटा धरला तर अडून बसतो, कितीही शिव्या घाला.

ही चाल ताईला शिकवली होती तिच्या दादानं. सख्खा मोठा भाऊ, याच कारखान्यात. ताईनं काढलेली डाय जोडायची, प्रेसवर चढवायची आणि पहिला ठोका मारायचा, हे दादाचं काम. तिला या धंद्यात आणलं त्यानंच. ती स्क्रीनसमोर बसली की मागून यायचा, काळे हात पाठीशी बांधून उभा राहायचा आणि एकच प्रश्न विचारायचा. "बारके, खांब सरकवलास का?"

"सरकवला रे दादा."

"दाखव."

दाखवल्याशिवाय हलायचा नाही. डोक्यावर बसलेला भाऊ, म्हणून तिला वैताग यायचा. पण गेल्या काही महिन्यांत त्यानं हा प्रश्न विचारणं सोडलं, आणि ताईला पहिल्यांदा कळलं की वैताग परवडला.

आधी घरच्या गोष्टी झाल्या. ताई दादा-वहिनीच्याच घरात, वरच्या खोलीत राहायची. दादा एक दिवस किल्ली साबणाच्या डबीत ठेवून घरभर शोधत बसला. एकदा शर्ट उलटा घालून कारखान्यात गेला, लोक हसले, तोही हसला. एकदा शेजाऱ्यांच्या दाराला किल्ली लावून झटापट करत होता. शेजारीण आतून म्हणाली, "या की, चहा पिऊन जा," तेव्हा त्याला उमगलं. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमच्या भावाला चष्म्याचा नंबर वाढलाय." ताई हो म्हणाली. दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं टाळलं.

मग एक दिवस कारखान्यात दादा एका डायचा वरचा भाग क्रेनला टांगून खाली आणत होता आणि तो बसेना. त्यानं हातोडीनं ठोकलं, तेल ओतलं, शेवटी वर बघून ओरडला, "काय काढून ठेवलंयस गं हे? बसतच नाही!" ताई खाली आली. दोन्ही भागांवर पुढच्या बाजूला खूण कोरलेली असते. खालच्याची खूण पुढं होती, वरच्याची मागं. ज्या माणसानं डोळे मिटून डाय जोडल्या, तो उलटा भाग हातोडीनं ठोकत होता. सरकवलेल्या खांबानं त्याला अडवलं होतं. ताईनं क्रेन फिरवली, भाग गपकन बसला. दादा म्हणाला, "बघ, मगाशी का बसत नव्हता कोण जाणे." आणि पानाला चुना लावावा तितक्या सहज कामाला लागला.

त्या दिवसापासून ताईच्या पोटातला गोळा रात्रंदिवसाचा झाला.

सांगायचं कुणाला? मालकीणबाईंना सांगितलं तर दादा दुसऱ्या दिवशी घरी. आणि घरी बसून हा माणूस करणार काय? त्याला दुसरं काही येत नव्हतं, दुसरं काही आवडतही नव्हतं. न सांगावं तर तो रोज प्रेसच्या जबड्यात डोकं घालणार. ताईनं यातून तिला सुचली तशी वाट काढली. ती डाय वाकड्या काढू लागली. नुसता खांब सरकवून थांबेना. पिना एक जाड, एक बारीक. प्लेटचा एकच कोपरा छाटलेला. स्क्रू असे की एकाची जागा दुसऱ्याला चालू नये. कुठलाही तुकडा उलटा बसूच नये. मशीनवरची पोरं कावली. "ताई डाय काढत नाहीत, कुलपं बनवतात," असं प्रेसवाला म्हणाला आणि ते नाव कारखान्यात चिकटलं. दादाही म्हणायचा, "वय झालं की माणूस संशयी होतो, तशी झालीयस तू." ताई म्हणायची, "झालेय खरी."

अशात मालकीणबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मालकीणबाई म्हणजे बोलण्यात कात्री. "मोठं गिऱ्हाईक आलंय. त्यांना सगळं थ्री-डीमध्ये पाहिजे, आणि काल पाहिजे. आपलं जुनं सॉफ्टवेअर आता म्युझियममध्ये ठेवायचं. दोन नवी मागवलीत, दोन्ही वापरून बघ. मला लांबण नको. हे का ते, तेवढं सांग. तू सांगशील ते घेणार."

"मी?"

"मग मी? मला माउस धरता येत नाही."

दोन सॉफ्टवेअरांची नावं लांबलचक होती. कारखान्यात ती कुणी घेतली नाहीत. एकाला गुळगुळीत म्हणू लागले, दुसऱ्याला खडूस.

गुळगुळीत खरंच तसं होतं. वाकवलेला भाग त्याला दाखवला की तो सपाट उलगडून पत्र्याची पट्टी आपोआप मांडून द्यायचं. डायचा सगळा सांगाडा त्याच्या कपाटात तयार. प्लेटा, खांब, स्प्रिंगा, नुसतं बोट दाखवायचं. शेवटी सगळी डाय स्क्रीनवर उघडझाप करून दाखवायचं आणि कुठं काही अडत नसेल तर सगळ्यावर हिरवा रंग चढायचा. खडूस मात्र पावलोपावली अडवायचं. हे भोक कशाला? ही पिन कुठल्या प्लेटला धरून? उत्तर दिल्याशिवाय पुढं सरकू द्यायचं नाही. ताईच्या शेजारची पोरगी त्याला कंटाळून म्हणाली, "हे सॉफ्टवेअर आहे का सासू?"

मालकीणबाईंचा कल गुळगुळीतकडं होता, ते न सांगताही सगळ्यांना कळत होतं. म्हणून परीक्षेची पहिली डाय ताईनं त्यावर काढली. सांगाडा कपाटातून घेतला. चारही खांब अगदी सरळ, आरशातल्यासारखे. ताईनं पहिलं काम केलं ते एक खांब आत सरकवायचं. सॉफ्टवेअरनं मुकाट्यानं सरकवला. बाकीची कुलपं घालायला गेली तर कपाटातल्या प्लेटांना हात लावू देईना. ताईनं विचार केला, खांब सरकलाय ना, बास झालं. उघडझाप केली. सगळं हिरवं. गुळगुळीतची आणखी एक गोष्ट अशी की कागदावर ड्रॉइंग काढायची गरज नव्हती, मॉडेल थेट भाग कापणाऱ्या मशीनकडं जायचं. तेही पाठवलं.

आठ दिवसांत भाग कापून तयार झाले. डाय चढायच्या आदल्या संध्याकाळी ताई भरपूर जेवली. वहिनी वाढता वाढता थांबली. "वन्सं, उद्या डाय चढणार ना? मग आज भूक कशी?"

ताईच्याही तेव्हाच लक्षात आलं. गोळा आलाच नव्हता. तिला बरं वाटलं. हिरव्या रंगानं एवढं तरी केलं, असं वाटलं.

सकाळी गुळगुळीत विकणारा माणूस आला. सौदा पक्का होणार या अंदाजानं त्यानं बूट चकचकीत करून आणले होते. स्वभावानं भला माणूस. ताईच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ताई, एक छोटी गोष्ट राहिली. कपाटातले भाग अधूनमधून ताजे करायचे असतात. हे बटण." त्यानं बटण दाबलं. स्क्रीनवर ताईनं काढलेली डाय क्षणभर थरथरली. आणि आत सरकवलेला खांब टुणकन बाहेर जाऊन आपल्या मूळ जागी उभा राहिला. चारही कोपरे पुन्हा सारखे.

"हे काय झालं?" ताईनं विचारलं.

"काही नाही. कपाटातला भाग आहे ना, तो आपल्या मूळ मापावर परत येतो."

"मी तो सरकवला होता."

"हो, पण त्याला तसं सांगावं लागतं. दुसऱ्या एका पडद्यावर. दाखवतो ना."

ताईला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "मशीनकडं पाठवताना हे ताजं होतं का? आपोआप?"

"होतं ना," तो कौतुकानं म्हणाला. "तुम्हाला काही करावंच लागत नाही."

ताई उठली. खुर्ची मागं पडली, ती उचलायला थांबली नाही.

ऑफिसातून कारखान्यात उतरायला लोखंडी जिना होता. एरवी ती कठडा धरून उतरायची. त्या दिवशी पायांना पायऱ्या लागल्याच नाहीत. मनात एकच हिशेब चालला होता. खांब सरळ, म्हणजे वरचा भाग दोन्ही बाजूंनी बसणार. पंच आतल्या प्लेटमध्ये लपलेले, म्हणजे बाहेरून काही दिसणार नाही. स्प्रिंगांवर टेकलेली डाय उलटी असली तरी सुलटीसारखीच दिसणार. कळणार कधी, तर दाब आल्यावर. आणि दादाची सवय अशी की पहिला ठोका सावकाश घ्यायचा आणि गाल टेबलाला टेकवून आत बघायचं, पंच नीट शिरतोय ना. लोकांना ती सवय सावधपणाची वाटायची.

मोठ्या प्रेसपाशी दादा वाकलेलाच होता. प्रेस हळूहळू खाली येत होती. "दादा!" ताई ओरडली. शेजारच्या मशीनच्या दणक्यात ते तिलाच ऐकू आलं नाही. प्रेसवाल्यानं तिला बघितलं आणि हसून हात हलवला, बाळंतपणाला आलात का, असं काहीसं. ताईनं त्याला खांद्यानं ढकललं आणि लाल बटणावर दोन्ही तळवे मारले.

प्रेस उसासा टाकून थांबली.

दादा सरळ झाला. त्याच्या गालावर तेलाचा पट्टा उमटला होता. "काय गं? काय झालं? किती सुरेख बसली बघ आज. लोण्यात सुरी जावी तशी. हे नवं सॉफ्टवेअर चांगलं आहे हं."

ताईनं खाली बघितलं. खालच्या भागाची खूण पुढं होती. वरच्याच्या पुढच्या कडेवर काहीच नव्हतं. ती प्रेसच्या मागच्या बाजूला गेली. खूण तिथं होती.

"दादा," ती म्हणाली, "मागं ये."

तो आला. त्यानं खूण बघितली. मग बोटानं चाचपली, ती खरी आहे का ते बघायला. मग तो पुन्हा पुढं आला, पुन्हा मागं गेला. ज्याला या कारखान्यातला खिळान् खिळा पाठ होता, तो माणूस एका डायभोवती रस्ता चुकल्यासारखा फिरत होता, आणि सगळे बघत होते. प्रेसवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई," तो हळूच म्हणाला, "पण खांबानं अडवायला पाहिजे होतं ना?"

तोवर मालकीणबाई आल्या, त्यांच्यामागं चकचकीत बुटांचा माणूस. ताईनं खांबाचं सांगितलं. तो माणूस पांढराफटक पडला. "स्क्रीनवर सगळं हिरवं होतं," एवढंच म्हणाला. खोटं नव्हतं ते. स्क्रीनवर डाय कधी उलटी बसतच नाही.

"म्हणजे सॉफ्टवेअरनं घोळ घातला," मालकीणबाई म्हणाल्या. "चला, निकाल लागला. अर्ध्या तासानं केबिनमध्ये ये, कागद करून टाकू."

वाट मोकळी होती. खडूस घ्यायचं, खांब सरकवायचे, कुलपं घालायची, गप्प बसायचं. दोष सॉफ्टवेअरचा, आणि तो होताही. ताईला इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटली. काल जेवताना असंच वाटलं होतं.

दादा हात धुवायच्या नळापाशी उभा होता. साबणाची पूड तळव्यावर घेऊन नुसताच उभा. ताई शेजारच्या नळाला जाऊन उभी राहिली.

"बारके," तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "ती सगळी कुलपं माझ्यासाठी होती काय गं?"

ताईनं नळ सोडला. बोलायची सोय व्हावी म्हणून नाही, रडायची सोय व्हावी म्हणून.

"मला वाटलं, वयानं संशयी झालीस."

"तेही झालेय."

तो जरासा हसला. मग दुसरा हात खिशात घालून बाहेर काढून दाखवला, रिकामा. "माझ्याकडं एक पिवळी चिंधी असते. डाय जोडायच्या आधी पुढच्या उजव्या खांबाला बांधतो. म्हणजे पुढं कुठलं, मागं कुठलं ते चुकत नाही. कुणी विचारलं की सांगतो, तेल पुसायला आहे. तुझ्या वहिनीनं आज ती धुवायला टाकली."

"कधीपासून?"

"तुझ्या कुलपांच्या आधीपासून असेल." साबणाची पूड त्याच्या बोटांमधून गळत होती. "प्रेससमोर उभा राहिलो ना, की पोटात गोळा येतो. तुझ्यासारखा. तुला हसायचो आधी."

"आज नाही आला?"

"येत होता. चिंधी नव्हती ना. मग डाय एका झटक्यात बसली. म्हटलं, बसली म्हणजे बरोबरच असणार. बारकीच्या डाय चुकीच्या बसतच नाहीत."

ताईला आता कळलं. म्हणजे इतके दिवस तिच्या कुलपांनी त्याला वाचवलं होतं, आणि त्याच कुलपांनी त्याला शिकवलं होतं की बसली म्हणजे बरोबर. उद्या खडूसवर काढलेल्या डायमध्ये तिची एक पिन चुकली तर? तिला ताप आला, तिच्या जागी ती शेजारची पोरगी बसली, तर? कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं हा प्रश्न तिनं इतके दिवस असा धरून ठेवला होता, जणू त्याच्या उत्तरात दादा मावणार होता.

"दादा, प्रेसपुढं आता उभं राहायचं नाही."

"मग कुठं उभं राहू?" त्यानं विचारलं. रागानं नाही. शेजाऱ्यांच्या दारात किल्ली घेऊन उभा होता तेव्हा त्याचा चेहरा जसा होता, तसाच.

ताईनं नळ बंद केला. "विचारू," ती म्हणाली. "डॉक्टरला विचारू. बाईंना विचारू. वहिनीला माहीतच आहे."

"तिला माहीत आहे?"

"ती चष्मा म्हणते."

"मीही तिला चष्माच सांगतो," दादा म्हणाला, आणि दोघंही हसले, घाबरलेली माणसं हसतात तसं, लवकर आणि थोडंच.

हात पुसून ते निघाले. केबिन उजवीकडं होती, जिना चढला की समोरच. दादा डावीकडं वळला. ताईनं त्याची बाही धरायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. तीही त्याच्याबरोबर डावीकडं वळली. कातकामाची मशीनं गेली, पत्र्याच्या गुंडाळ्या गेल्या, थांबवलेली मोठी प्रेस गेली, जिच्या जबड्यात ती उलटी डाय अजून तशीच होती. प्रेसवाल्यानं दोघांना बघितलं, पण कोटी केली नाही. कारखान्याला पूर्ण वळसा घालून ते जिन्याशी आले. दादा एका हातानं कठडा धरून चढला. ताईच्या पोटात गोळा होता आणि या वेळी पहिला ठोका कधी पडणार ते तिला माहीत नव्हतं.

मालकीणबाईंनी वर बघितलं. दादाला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तुम्ही कशाला आलात? मी हिला बोलावलंय. हं, सांग. हे का ते?"

"खडूस," ताई म्हणाली.

"ठरलं. मग आणखी काय?"

"ते का, हे दादा सांगेल."

मालकीणबाईंनी पेन खाली ठेवलं. दादानं सवयीनं खिशात हात घातला. चिंधी नव्हती. हात तसाच खिशात ठेवून त्यानं आधी बहिणीकडं, मग दाराकडं, मग मालकीणबाईंकडं बघितलं, समोर नक्की कोण आहे ते पक्कं केल्यासारखं, आणि बोलायला सुरुवात केली.